मॉरिस पाट्टी

२० सप्टेंबर २००५, मंगळवार

अंबत्तूरच्या रेल्वे फाटकापाशी आम्ही एकदा पाऊण तास अडकलो होतो. साल चौऱ्याहत्तर असावं, कारण मकरंद माझ्या मांडीवर होता आणि त्याला पुढचे दोनच दात आले होते. मालगाडी मध्येच उभी. उमाकांतांनी खिडकीतून तिखट-मीठ लावलेले पेरू घेतले. फाटक उघडलं की उजवीकडे वळायचं म्हणून त्यांनी आधीच बटण फिरवलं, तर दाराशेजारच्या खांबातून आमच्या गाडीचा तो वीतभर पिवळा हात बाहेर आला आणि तसाच अडकून राहिला. ते उतरले, खांबाला मुठीने एक ठोसा दिला, हात आत गेला. मकरंद खिदळला. मग त्याच्यासाठी पुन्हा हात बाहेर, पुन्हा ठोसा. फाटक उघडलं तरी आमचा खेळ चालूच, शेवटी मागच्या लॉरीवाल्याने तमिळमध्ये आमच्या सात पिढ्या काढल्या. बस, एवढंच. त्या दुपारी दुसरं काही घडलं नाही.

आज मी तोच ठोसा त्याच जागी दिला, म्हणून आठवलं. आज मी मॉरिस मायनर पहिल्यांदा एकटीने चालवली. चेन्नईच्या आवडी उपनगरातल्या आमच्या घरापासून अंबत्तूरच्या औद्योगिक इस्टेटीतल्या कपड्यांच्या कारखान्यापर्यंत आणि परत. वय वर्षं बासष्ट, लायसन्स पाच आठवड्यांचं.

(वहीत मी त्यांचं नाव लिहिते. तोंडाने छत्तीस वर्षांत एकदाही घेतलं नाही. आता ते जाऊन दीड वर्ष झालं, ऐकायला कोणी नाही, तरी जीभ वळत नाही. लेखणी मात्र वळते.)

गाडी बावन्न सालची. पेरांबूरच्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरने ऑस्ट्रेलियाला जाताना उमाकांतांना दिली. लुकलुकणाऱ्या दिव्यांचे इंडिकेटर तिला नाहीतच. वळायचं तर खांबातून हात बाहेर येतो, शाळेत प्रश्न विचारण्यापूर्वी मुलगी वर करते तसा.

मकरंदला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्रेपन्न वर्षांची गाडी आणि बासष्ट वर्षांची ड्रायव्हर. एकीचं तरी वय कमी असू दे की गं!"

मग करार झाला. त्याने मांडला, मी मान्य केला. पोलिसांची एक पावती जरी माझ्या नावावर फाटली, तर गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि पुण्याला त्याच्याकडे राहायला जायचं. मी "गॉड प्रॉमिस" म्हणाले. हे शब्द मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि सिस्टर फिलोमिना यांनी ते मोडले तर काय होतं तेही शिकवलं.

मला पुण्याला जायचं नाही. मकरंद चांगला आहे, नीलम तर फारच चांगली सून आहे. पण तिथे मला कोणाची तरी आई म्हणून राहावं लागेल. इथे मी मी आहे.

२४ सप्टेंबर, शनिवार

थांबवलं!

इस्टेटीच्या चौकात, पांढऱ्या सदऱ्यातला जाडजूड हेड कॉन्स्टेबल, मिशा पिकलेल्या. शिट्टी मारली आणि गाडी कडेला घ्यायला लावली. सोबत निधी होती. ती माझी वरच्या मजल्यावरची भाडेकरू, नाशिकची, इस्टेटीतल्या संगणकाच्या कंपनीत काम करते आणि शनिवारीसुद्धा जाते बिचारी. मी तिला मराठीत म्हटलं, "घाबरू नकोस, मी बोलते." मग काच खाली करून, सिस्टर फिलोमिनांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हटलं, "गुड आफ्टरनून, ऑफिसर. काही चूक झाली का?"

त्याने कागद मागितले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली. टपावर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. मग खिडकीत वाकून विचारलं, "अम्मा, फ्लास्क इल्लैया?"

फ्लास्क नाही का? मी म्हटलं, कसला फ्लास्क? तो काहीतरी पुटपुटला, मागच्या सीटकडे पाहिलं आणि "सरि, पोंगा", बरं, जा, म्हणून जाऊ दिलं.

निधी म्हणाली, "काकू, दारू शोधत असेल."

मला तर हसूच आलं. माझ्याकडे पाहून कोणाला दारूची शंका यावी! पण पोलिसांवर माझा राग जुना आहे. उमाकांत कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दर शनिवारी इस्टेटीतल्या लेथवाल्याकडे जात. परत यायला नेहमी तासभर उशीर. कारण एकच: "पोलिसांनी थांबवलं." वर्षानुवर्षं. सज्जन माणूस, कधी सिग्नल मोडला नाही आणि दर शनिवारी अडवायचे! मी म्हणायचे, कमिशनरला इंग्रजीत पत्र लिहिते. ते म्हणायचे, "जाऊ दे गं, गरीब लोक आहेत, उन्हात उभे असतात."

थांबवलं: एकदा. पावत्या: शून्य.

१ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा तोच. छातीवरच्या पट्टीवर नाव वाचलं, गुरुमूर्ती. या वेळी बॉनेट उघडायला लावलं. बराच वेळ आत पाहत उभा राहिला. मग खिशातून रुमाल काढून बॅटरीच्या तारेवरची पांढरी पूड पुसली आणि तार घट्ट केली. मला वाटतं, इंजिनचा नंबर तपासत होता.

जाता जाता म्हणाला, उजवीकडे वळताना नुसत्या गाडीच्या हातावर विसंबू नका अम्मा, तो आजकाल कोणाला कळत नाही, तुमचाही हात बाहेर काढा. हे मला माहीत नाही का? पण मी "थँक यू" म्हटलं.

कारखान्यातल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गातल्या मुलींना हा सगळा प्रसंग इंग्रजीतून सांगितला. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या पंचवीस मुली, मंगळवारी आणि शनिवारी सुट्टीच्या भोंग्यानंतर तास. आज नवा शब्द: 'सस्पिशन'. सेल्वी नावाची मुलगी म्हणाली, "मिस, पोलीस सस्पिशन नो. पोलीस लव्ह कार." मी तिचं व्याकरण सुधारलं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

आज दोन चौकांत दोनदा. तिरुमुल्लैवायलला एका पोरसवदा कॉन्स्टेबलने थांबवून विचारलं, गाडीसोबत फोटो काढू का. त्याचं लग्न ठरलंय, मुलीला पाठवायचाय. चेंगलपट्टूची आहे म्हणे. मी त्याला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि फोटो मीच काढला. पहिल्यात डोकं कापलं गेलं. दुसरा चांगला आला.

पण मी बेसावध नाही. निघताना पाहिलं, त्याने खांद्यावरच्या वायरलेसमध्ये काहीतरी सांगितलं. "मॉरिस पाट्टी" एवढे दोन शब्द मला ऐकू आले. पाट्टी म्हणजे आजी. गाडीचं वय पाहता नाव बरोबर ठेवलंय. म्हणजे आता हिच्यावर पाळत आहे, पुढच्या चौकाला कळवतात.

एक गोष्ट मात्र नवलाची. मी इस्टेटीच्या चौकात पोचते आणि नेमका माझ्याच बाजूचा रस्ता मोकळा होतो. एकदा नाही, दर वेळी. बस, लॉऱ्या, सगळे तिष्ठत उभे आणि मी आरामात उजवीकडे वळते. उमाकांत म्हणायचे तेच खरं, या गाडीचा पायगुण चांगला आहे.

२ नोव्हेंबर, बुधवार

काल दिवाळी झाली. इथे लोक पहाटे तेल लावून नहातात आणि दुपारपर्यंत सगळं आटोपतं. निधीला चकल्या दिल्या. तिच्या आईचा फोन आला तेव्हा पोरगी जिन्यात बसून रडली, मग खाली येऊन अजून चार चकल्या खाऊन गेली.

माळा आवरताना उमाकांतांचा फ्लास्क सापडला, हिरवा, झाकणाला पोचा आलेला. शनिवारी लेथवाल्याकडे जाताना मी त्यात कॉफी भरून द्यायचे. पिशवीत स्टीलचे दोन पेले असायचे. एकदा विचारलं होतं, एकट्याला दोन पेले कशाला? तर म्हणाले, "एखादा फुटला-बिटला तर?" भारी जपून वागणारा माणूस. पेलेही सापडले. चिंच लावून घासून ठेवलेत.

आता असंही वाटतं, त्या हवालदाराने फ्लास्क का विचारला असेल? कदाचित पूर्वी कधी उमाकांतांचा फ्लास्क तपासला असेल. कॉफीचासुद्धा संशय!

२४ डिसेंबर, शनिवार

सुट्टीआधीचा शेवटचा तास. मुलींनी मला केक दिला, मी त्यांना शाळेत असतानाचं ख्रिसमसचं गाणं शिकवलं. येताना गुरुमूर्तीने थांबवलं. टायरना लाथा मारून पाहिल्या, मागचा डावा बसलाय म्हणाला, पंक्चरवाल्याला शिट्टी मारून बोलावलं आणि माझी वीस मिनिटं खाल्ली. मी केकचा तुकडा दिला. लाच नव्हे, सणाचा केक. सिस्टरांनी हा फरक मान्य केला असता असं वाटतं.

तो म्हणाला, पोंगलला गावी जाणार, पंधरा दिवस रजा. मी मनात म्हटलं, सुटले.

थांबवलं: चौदा वेळा. पावत्या: शून्य. मकरंदला कळवलं. म्हणाला, "चौदा? आई, तू गाडी चालवतेस की वरातीत नेतेस?"

१७ जानेवारी २००६, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

गुरुमूर्ती रजेवर. चौकात नवा सब-इन्स्पेक्टर, तरुण, उंच, ताठ, नवाकोरा गॉगल. आज गाडीचा पायगुणही रजेवर असावा. रस्ता मोकळा झाला नाही. मी उजवीकडे वळायला बटण फिरवलं, पिवळा हात अर्धा बाहेर येऊन अडकला. माझा हात बाहेर काढायचं मला सुचलं नाही, कारण इतके दिवस गरजच पडली नव्हती. मागून बस. ब्रेक. भोंगे. कोणाला लागलं नाही.

त्याने कडेला घ्यायला लावलं. छातीवर नाव: प्रतापसिंह. मी म्हटलं, उत्तरेकडचा कोणी रजपूत दिसतोय. त्याने इंग्रजीत विचारलं, इंडिकेटर कुठे आहे? मी उतरले, खांबाला ठोसा दिला, हात टणकन बाहेर आला. म्हटलं, "हा काय." तो हसला नाही. वही काढली आणि लिहायला लागला.

तेव्हा मी जे केलं ते चेन्नईत गेली अडतीस वर्षं करत आले आहे. भाजीवाला, कंडक्टर, डॉक्टर, कोणाहीसमोर मन मोकळं करायचं तर मराठीत करायचं. आपली खाजगी खोली, भिंती नसलेली. उमाकांतांनी आणि मी या खोलीतून अर्ध्या शहराची टिंगल केली असेल. गाडीत बसलेल्या निधीकडे वळून म्हटलं, "बघ बाई, उंटासारखा उंच आणि उंटासारखाच रवंथ करत लिहितोय. ह्याच्या आईने ह्याला म्हाताऱ्या माणसांशी कसं बोलावं ते शिकवलेलं दिसत नाही."

त्याने लिहिणं संपवलं. पावती फाडली. गॉगल काढला. आणि म्हणाला, "आई, मला अस्कं कळालं. उंट म्हणटलं तेही."

माझ्या पायाखालचा रस्ता गेला.

तंजावरचा. घरात मराठीच बोलतात, तीनशे वर्षं झाली. 'अस्कं' म्हणजे सगळं. त्याची मराठी जुन्या पेटाऱ्यातून काढलेल्या शालूसारखी, घडी पडलेली पण जरीची, आणि सूर अगदी तमिळ. निधीने तोंडावर ओढणी धरली होती, खांदे हलत होते. कार्टी!

मी म्हटलं, "माफ करा. मला वाटलं..."

"इथं अस्के तसंच समजतात," तो म्हणाला. "आमची आई चांगलं शिकविटली आहे. म्हणून तर पावती दिटली. तुम्ही वळला तेव्हा बस किती जवळ होती, पाहिलं काय? हात दाखवत जावा, आई."

पावती हातात. माझ्या नावाची. 'सिग्नल न देता वळणे.'

आणि खरं सांगायचं तर बस जवळ होती. मी पाहिली नव्हती.

१९ जानेवारी, गुरुवार

मकरंदला सांगितलं नाही. दोन दिवस झाले. काल त्याचा फोन आला, मी हवेबद्दल बोलले, सांबारातल्या शेवग्याबद्दल बोलले. चेन्नईच्या जानेवारीतल्या हवेबद्दल कोणी पाच मिनिटं बोलू शकतं हे मला माहीत नव्हतं.

निधी म्हणते, "काकू, पावती फाडून टाका ना, त्याला कसं कळणार?" तिला कसं सांगू? बारा वर्षं मी रोज सकाळी एका लांब वऱ्हांड्यात उभं राहून शपथा घेतल्यात. देव बदलला असेल, वऱ्हांडा तोच आहे.

आणि दुसरीही एक शंका येते. मकरंदचं बरोबर तर नसेल? मी बस पाहिली नाही.

२१ जानेवारी, शनिवार

सांगितलं. मकरंदला, सगळं. मला वाटलं होतं 'बघ, मी म्हणालो होतो' म्हणेल. तो म्हणाला, "लागलं नाही ना कुठे?" आणि मग, "पुढच्या शनिवारी येतो." त्याने एका संग्राहकाला विचारूनही ठेवलंय, अण्णानगरमध्ये राहतो, जुन्या सात गाड्या आहेत त्याच्याकडे. आठवी आमची.

आज तासाला बसने गेले. मुली फाटकाशी उभ्या होत्या. सेल्वीने विचारलं, "मिस, कार नॉट वेल?"

२८ जानेवारी, शनिवार

दुपारपासून लिहायला बसायचं म्हणते, आत्ता संध्याकाळी मुहूर्त लागला. क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

मकरंद काल रात्रीच्या विमानाने आला. सकाळी दहाला म्हणाला, संग्राहकाला गाडी दाखवून आणतो. मी म्हटलं, मी येत नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मुद्दाम मिक्सर चालू केला होता.

पावणेअकराला फोन. "आई, मी पोलीस स्टेशनमध्ये आहे."

मी विचारलं, "अपघात?"

"नाही गं. मला पकडलंय. गाडी चोरली म्हणून. तू ये आणि ह्यांना सांग की मी तुझा मुलगा आहे."

रिक्षा करून गेले. एक गोष्ट कबूल करते, वाटेत थोडंसं हसूही येत होतं.

स्टेशनच्या अंगणात कडुलिंबाखाली गाडी उभी. एक कॉन्स्टेबल तिच्यावर पहारा देत होता आणि दुसरा तिची काच पुसत होता. काच पुसणारा म्हणजे तो फोटोवाला, लग्न ठरलेला. मला पाहताच त्याने आत ओरडून वर्दी दिली, "मॉरिस पाट्टी वंदाच्चु!" आजी आली. मी मागे वळून पाहिलं, गाडी तर आधीच आलेली होती.

आत बाकावर मकरंद, हातात चहाचा ग्लास, चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा. समोर टेबलापाशी तो उंच प्रतापसिंह. रजेवरून परतलेले गुरुमूर्ती दाराशी.

"आई," प्रतापसिंह म्हणाला, "हा माणूस तुमचा लेक म्हणतो. खरं काय?"

मी मकरंदकडे पाहिलं. क्षणभर, फक्त क्षणभर, मोह झाला.

"आई!" मकरंद ओरडला.

"माझाच आहे," मी म्हटलं.

मग कळलं ते असं. आमच्या घरापासून इस्टेटीपर्यंत मकरंदला चार वेळा थांबवलं होतं. पहिल्या चौकात विचारलं, अम्मा कुठे आहेत? दुसऱ्यात विचारलं, अम्मांची तब्येत बरी नाही का, तुम्ही कोण? तिसऱ्यात कागद मागितले. कागद माझ्या नावाचे, लायसन्स पुण्याचं. मकरंदची तमिळ आता पार मोडली आहे. तो म्हणाला, गाडी विकायला चाललोय. झालं! वायरलेसवर गेलं की पाट्टीची गाडी कोणी विकायला पळवतोय. चौथ्या चौकात प्रतापसिंहांनी गाडीची किल्लीच काढून घेतली.

मकरंद म्हणाला, "मी ह्यांना सांगतोय की माझ्या आईला तुम्ही पावती दिलीत म्हणून विकतोय, तर ते म्हणतात, असं कारण चोरच सांगेल."

प्रतापसिंह मान खाली घालून हसले. हसल्यावर अगदी पोरगेले दिसतात. म्हणाले, "मी नवा आलो तेव्हा मला कोणी सांगिटलं नव्हतं. गुरुमूर्ती आला आणि माझ्यावर रागावला. एस.आय.वर हेड कॉन्स्टेबल रागावला, आई! म्हणाला, त्या गाडीचा हात लोकांना दिसत नाही, म्हणून आपण हात दाखवायचा असतो."

तेव्हा गुरुमूर्ती पुढे आले. तमिळमध्ये बोलले, हळू, मला समजावं म्हणून.

"सार, तुमचे यजमान, दर शनिवारी थांबायचे. मी थांबवायचो असं नाही अम्मा, तेच थांबायचे. अकरा वर्षं. माझी ड्यूटी उन्हात. झाडाखाली गाडी लावायचे, फ्लास्क काढायचे. एक पेला त्यांना, एक मला. माझी मोटारसायकल बिघडली की तेच बघायचे. शेवटच्या महिन्यात गाडी कोणीतरी चालवून आणायचं, ते बाजूला बसून यायचे. तेव्हा कॉफी नव्हती, डॉक्टरांनी बंद केली होती. तरी थांबायचे. म्हणाले होते, ती आता गाडी शिकेल बघ, हट्टी आहे."

मकरंदने बाकावर जागा दिली.

स्टीलचे पेले. फुटला-बिटला तर! आणि मी अकरा वर्षं कमिशनरला पत्र लिहायला निघाले होते.

मग मी पर्समधून पावती काढली आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, "ही खरी आहे. मी बस पाहिली नव्हती. करार करार असतो."

मकरंदने पावती उचलली, वाचली, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. "करार तुझ्या-माझ्यात होता," तो म्हणाला. "आणि तो मी मोडतोय. मी काही कॉन्व्हेंटला गेलो नव्हतो."

येताना गाडी त्याने चालवली, मी शेजारी. अंबत्तूरचं फाटक बंद होतं. पेरूवाला नव्हता, भाजलेल्या शेंगा मिळाल्या. पिवळा हात अडकला. मकरंद उतरला, बरोबर जागी ठोसा दिला आणि परत येऊन बसला. दोन दातांच्या वयातलं त्याला आठवत असणं शक्य नाही. तरी हसला.

मग विचारलं, "आई, तुला सिग्नल कधी लाल लागतो का गं?"

"फारसा नाही. गाडीचा पायगुण."

त्याने हसू दाबत एक शेंग सोलून माझ्या हातावर ठेवली. "डोळे तपासून घे," म्हणाला. "आणि चालव."

४ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांना नवा नंबर लागला. आता बस दिसतात, त्यांच्यावरच्या पाट्याही.

तासाला गाडीने गेले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. परतताना इस्टेटीच्या चौकात कोणी शिट्टी मारली नाही. मीच थांबले, झाडाखाली. फ्लास्क काढला. गुरुमूर्ती पेला हातात घेऊन म्हणाले, साखर सारांच्या वेळेपेक्षा कमी आहे. मी म्हटलं, त्यांच्या वेळी मला माहीत नव्हतं की कॉफी दोघांची आहे.

प्रतापसिंह आले, उभ्याउभ्या अर्धा पेला प्यायले. त्यांना मराठी बोलता येतं, पण वाचता येत नाही. मुलगी सहा वर्षांची आहे. रविवारी तिला माझ्याकडे पाठवणार, बाराखडीला.

२१ मार्च, मंगळवार

आज गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी झाली. आर.टी.ओ.च्या इन्स्पेक्टरने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, भोंगा वाजवला, मग पिवळा हात आठ वेळा बाहेर काढून आठ वेळा आत घातला. नंतर म्हणाला, हा तपासणीचा भाग नव्हता.

म्हणजे २०११ पर्यंत. तेव्हा मी अडुसष्ट. मकरंद म्हणतो, पुढचं सगळं कुठेतरी लिहून ठेव, म्हणजे वाद नकोत. वाद घालायला आहे कोण? पण लिहून ठेवते. मी कुठेही निघालेले नाही, शनिवारी तास आहे.

गाडी मकरंदला. मात्र आधी त्याला चारही चौकांत नेऊन ओळख करून द्यावी, नाहीतर पुन्हा रिक्षा करून सोडवायला येणारी मी नसेन. पुण्याला न्यायची असेल तर तिथल्या पोलिसांना उंट म्हणू नये, तिथे सगळ्यांनाच मराठी कळतं.

'एल' लिहिलेली लाल पाटी निधीला. तिने शिकायचं कबूल केलंय आणि मी गॉड प्रॉमिस घेतलंय.

माझा इंग्रजीचा मोठा शब्दकोश सेल्वीला. 'सस्पिशन' शब्दाखाली मी पेन्सिलने लिहून ठेवलंय की तिचं बरोबर होतं, व्याकरण सोडून.

मराठी पुस्तकं आणि लाकडी पाटी प्रतापसिंहांच्या लेकीला. सांगावं, बाबांनाही शिकव.

ही वही मकरंदला. त्याच्यावर रागावलेली पानं फाडू नयेत. तो वाचून हसेल असं मला वाटतं. चौकांबद्दल लिहिलेलं वाचून विशेष, का ते मला अजून नीट कळलेलं नाही.

फ्लास्क गुरुमूर्तींना. झाकणाचा पोचा काढू नये, तो माझ्या हातून पडलेला आहे.

स्टीलचे पेले मात्र कोणालाही देऊ नयेत. दोन्ही गाडीतच राहू द्यावेत. जो कोणी शनिवारी गाडी चालवेल त्याला लागतील. आणि कोणी विचारलंच, एकट्याला दोन कशाला, तर सांगावं, एखादा फुटला तर.